बोटे नशिबाने जात नाहीत
पॉवर प्रेस, बारा तासांचा दिवस आणि आपली तरुण मुले

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने खासगी कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. दोन्ही निर्णयांवर चर्चा झाली ती गुंतवणूक, ओव्हरटाइम, पीएफ आणि हातात येणारा पगार यांची. कामगाराच्या हाताची चर्चा फारशी झाली नाही. इथे हात म्हणजे खराखुरा हात, पाच बोटांचा.

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड, बुटीबोरी या पट्ट्यांत आपल्या वस्त्यांमधली हजारो मुले कामाला जातात. कोणी आयटीआय करून, कोणी बारावीनंतर शिक्षण सोडून, कोणी पदवी हातात असूनही. यातल्या बहुतेकांची पहिली नोकरी ठेकेदारामार्फत मिळते आणि अनेकांचे पहिले यंत्र पॉवर प्रेस असते. या यंत्रावर बोटे जातात. वस्तीत बातमी येते तेव्हा दोनच वाक्ये ऐकू येतात: 'पोराचं लक्ष नव्हतं' आणि 'नशीब त्याचं'. आम्हाला ही दोन्ही वाक्ये मान्य नाहीत. कार्यकारणभाव मानणाऱ्या समाजाने ती मानूही नयेत. बोट तुटण्याआधी कारणांची एक साखळी तयार झालेली असते, आणि तिची जवळजवळ प्रत्येक कडी आधी तोडता येते.

हात यंत्रात जातोच का?

पॉवर प्रेस पत्र्याला साच्यात दाबून आकार देते. गाडीतले ब्रॅकेट, वॉशर, बिजागऱ्या, सीटखालचे भाग असे असंख्य नग तिच्यावर निघतात. खाली डाय, वर पंच. पंच ज्या भागाला लावलेला असतो तो रॅम कित्येक टनांच्या दाबाने खाली येतो. कामगार पत्रा डायवर ठेवतो, पॅडल किंवा बटण दाबतो, तयार नग काढतो आणि पुढचा पत्रा ठेवतो.

एका नगाला दहा सेकंद धरले, तर आठ तासांत २,८८० नग होतात आणि बारा तासांत ४,३२०. विश्रांतीची वेळ यातून वजा केलेली नाही. पत्रा हाताने ठेवायचा आणि हातानेच काढायचा असेल, तर तितक्या वेळा हात रॅमखाली जातो. चार हजार वेळा बरोबर आणि एकदा अर्ध्या सेकंदाने चूक, एवढ्यावर तळहात चिरडतो. माणसाचे लक्ष इतक्या वेळा शंभर टक्के टिकेल, हे गृहीत धरणारी कामाची रचनाच चुकीची आहे.

दुसरी गोष्ट यंत्राची. जुन्या पद्धतीच्या की-क्लच प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असते. पॅडल दाबले की क्लचची चावी गुंतते आणि रॅम पूर्ण फेरी करूनच थांबतो. मध्येच तो थांबवता येत नाही. चावी किंवा स्प्रिंग झिजलेली असेल, तर एकदा पॅडल दाबल्यावर रॅम दोनदा खाली येतो. पहिल्या झटक्यानंतर कामगाराने नग काढायला हात घातलेला असतो आणि दुसरा झटका बसतो. इथे कामगाराचे लक्ष पूर्ण असूनही बोटे जातात. दोष देखभालीचा असतो.

तिसरी गोष्ट सुरक्षा साधनांची. प्रेसला दोन बटणे असतील आणि दोन्ही एकाच वेळी दाबल्यावरच रॅम खाली येत असेल, तर दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. पण नगांचा वेग वाढवायचा असला की एक बटण चिकटपट्टी लावून किंवा काही अडकवून कायमचे दाबून ठेवले जाते. गार्ड असेल तर तो काढून कोपऱ्यात उभा केला जातो. हे सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर चालते, कारण टार्गेट त्याच्याही डोक्यावर असते.

'सेन्सर लावलाय' म्हणजे काय?

कार्यकर्त्यांनी हा भाग नीट समजून घ्यावा. 'आमच्याकडे सेन्सर आहे' हे उत्तर अनेकदा मिळते. हात आत गेला की प्रकाशकिरणांचा पडदा तुटतो आणि यंत्र थांबते, हे सेन्सरचे तत्त्व. पण ज्या प्रेसचा रॅम मध्येच थांबू शकतो, तिथेच सेन्सर हात वाचवतो. की-क्लच प्रेसला सेन्सर लावून उपयोग नाही. तिथे डायभोवती पक्का गार्ड हवा. पत्रा आत सरकेल पण बोट जाणार नाही, एवढीच फट त्याला असावी.

सुरक्षेच्या उपायांना क्रम आहे. आधी हात आत घालण्याची गरजच संपवायची, म्हणजे पत्रा आपोआप आत सरकेल आणि नग आपोआप बाहेर पडेल अशी व्यवस्था करायची. ते जमत नसेल तर गार्ड. मग दोन हातांची बटणे, आणि योग्य प्रेसवर सेन्सर. मग चिमटा किंवा चुंबकाची काठी. डाय बदलताना किंवा अडकलेला नग काढताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप, आणि रॅमखाली ठोकळा. हे सगळे झाल्यावर प्रशिक्षण आणि सूचनाफलक. हातमोजे सर्वात शेवटी, कारण कित्येक टनांच्या दाबासमोर कापडाच्या मोज्याला अर्थ नाही.

बऱ्याच लहान कारखान्यांत हा क्रम उलटा असतो. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी 'मी सुरक्षा नियम पाळीन' अशी शपथ कामगार घेतात. झिजलेली चावी बदलण्याची शपथ मालक घेताना आम्ही पाहिलेले नाही.

गाडी मोठ्या नावाची, अपघात लहान शेडमध्ये

वाहन उद्योगातील जखमी कामगारांसोबत काम करणारी सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल प्रसिद्ध करते. हरियाणापासून सुरू झालेल्या या अहवालांत महाराष्ट्राचाही समावेश आहे. त्यातली काही निरीक्षणे वर्षामागून वर्षे तीच आहेत. हात चिरडण्याचे मुख्य कारण पॉवर प्रेस. जखमींत स्थलांतरित आणि ठेकेदारी कामगारांचे प्रमाण मोठे. अपघात मुख्यतः नामांकित गाडी कंपनीच्या आवारात होत नाहीत, तर तिला सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या आणि त्यांनाही माल पुरवणाऱ्यांच्या लहान कारखान्यांत होतात. आणि अनेक कामगारांच्या हातात राज्य विम्याचे, म्हणजे ईएसआयचे, कार्ड अपघात झाल्यानंतर पडते.

म्हणजे नफा साखळीत वर चढतो आणि जोखीम खाली उतरते. खालच्या पायरीवर जो उभा आहे, त्याच्या मागे ना जमीन ना बचत. ठेकेदाराने 'प्रेसवर बस' म्हटल्यावर 'आधी गार्ड लावा' असे म्हणण्याची ताकद महिनाभर पगाराविना तग धरता येणाऱ्याकडेच असते. धोकादायक काम कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न फक्त कौशल्याचा नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. पगार जिथे जास्त, तिथेच दार बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. आज दारावर जात लिहिलेली नसते. ठेकेदाराच्या यादीत कोणाची मुले असतात, एवढे पाहिले तरी पुरे.

नव्या संहितेने इथे एक फट मोठी केली आहे. वीज वापरणारा कारखाना 'कारखाना' ठरण्यासाठी १९४८ च्या कायद्यात १० कामगार पुरेसे होते. आता २० लागतात. चार-पाच प्रेस आणि बारा-पंधरा माणसे असलेली शेड कारखान्यासाठीच्या खास तरतुदींतून बाहेर पडते, आणि प्रेस बहुतांशी अशाच शेडमध्ये असतात. निरीक्षकाचे पदनामही आता 'निरीक्षक नि सुविधाकार' झाले आहे. सुविधा कोणाला, हा प्रश्न विचारत राहावा लागेल.

बारा तासांचा हिशेब

सरकारचे म्हणणे असे की बारा तासांसाठी कामगाराची संमती लागेल, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील आणि जादा कामाचे दुप्पट पैसे मिळतील. कागदावर हे ठीक दिसते. पण ठेकेदाराच्या माणसाची संमती म्हणजे काय, हे आपण जाणतो. नाही म्हटले तर उद्या गेटवर नाव नसते. त्याच निर्णयात तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर नेली आहे. दहाव्या-अकराव्या तासाला डोळे जड होतात, हात सवयीने चालतो आणि प्रेस मात्र त्याच वेगाने खाली येत राहते.

बाबासाहेब जुलै १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ साली त्यांनी मांडलेल्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्यांच्याच कार्यकाळात १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम बी. पी. आडारकर यांच्याकडे देण्यात आले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. तास कमी करणे आणि अपघाताचा विमा, दोन्ही कामे एकाच खात्यात, एकाच काळात झाली. थकलेला हात यंत्राखाली आधी जातो, हे त्यामागचे साधे सत्य आहे. जयंतीच्या भाषणात आपण हे अभिमानाने सांगतो. मग त्याच आठवड्यात आपल्या मुलाचे ईएसआय कार्ड आले आहे का, एवढेही पाहायला हवे.

शेतातले यंत्र

हा प्रश्न फक्त एमआयडीसीचा नाही. गावाकडे मळणी यंत्र आणि कडबा कुट्टी यंत्र हेच काम करतात. मळणी यंत्रासाठी १९८३ साली धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा झाला. भारतीय मानकाप्रमाणे पेंढी सरकवण्याचे पन्हाळीसारखे तोंड किमान ९० सेंटीमीटर लांब आणि त्यातला किमान ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला हवा. आकड्यामागचा विचार सोपा आहे: वाकून पेंढी लोटली तरी बोटे फिरत्या ड्रमपर्यंत पोहोचू नयेत. स्थानिक पातळीवर बनवलेल्या यंत्रात हे तोंड आखूड असेल, तर हंगामात रात्री बल्बच्या उजेडात मळणी करणाऱ्या मजुराचा हात थेट आत जातो. पट्ट्याला जाळी नसेल तर पदर, ओढणी, उपरणे ओढले जाते. मोजायला एक टेप पुरतो. मळणीआधी गावातल्या कार्यकर्त्यांनी तो घेऊन एक फेरी मारावी.

अपघात झालाच तर पहिले दोन तास

बोट किंवा हात वाचणे या वेळेवर अवलंबून असते. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाब द्यावा आणि हात वर धरावा. तार किंवा सुतळी करकचून बांधू नये. दाब देऊनही जिवावर बेतणारा रक्तस्राव थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळावी आणि ती वेळ लिहून ठेवावी. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलका धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात. १०८ ला फोन करावा, आणि बोट जोडण्याची शस्त्रक्रिया जिथे होते तिथेच जावे. गेटजवळच्या दवाखान्यात टाके घालून घरी पाठवले, तर बोटही जाते आणि पुरावाही जातो.

हक्काचे पैसे, उपकाराचे नव्हेत

अपघातानंतर ठेकेदार घरी येतो. थोडी रोख, 'नोकरी कायम ठेवू' असे आश्वासन आणि सहीसाठी एक स्टॅम्प पेपर. हा क्षण फार महत्त्वाचा आहे. नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो, हे १९२३ च्या भरपाई कायद्यात स्पष्ट होते आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने ते तत्त्व कायम ठेवले आहे. ठेकेदार पळाला तरी मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

'चूक तुझीच' हा बचावही मालकाला सहज मिळत नाही. नुसते दुर्लक्ष झाले म्हणून भरपाई नाकारता येत नाही. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा आदेश मुद्दाम मोडणे किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढणे हे सिद्ध करावे लागते. म्हणूनच 'गार्ड मीच काढला होता' असा मजकूर आधीच टाइप केलेला असतो. न वाचता सही करू नये. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

आता रक्कम. कामगार ईएसआयमध्ये असेल तर कमावण्याची क्षमता जितके टक्के गेली, त्या प्रमाणात वेतनाच्या ९० टक्क्यांवर हिशेब होऊन आयुष्यभर लाभ मिळतो. १५,००० रुपये पगार आणि अंगठा गेल्याने ३० टक्के हानी धरली, तर हा लाभ महिन्याला सुमारे ४,०५० रुपये होतो. कामावरील अपघातासाठी ठरावीक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. कामाच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे.

ईएसआय लागू नसेल तर एकरकमी भरपाई. १९२३ च्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० रुपये वेतन धरले जाते. २५ वर्षांच्या कामगारासाठी त्याचे ६० टक्के गुणिले २१६.९१ म्हणजे १९,५२,१९० रुपये ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठ्याला त्याचे ३० टक्के, म्हणजे ५,८५,६५७ रुपये. पूर्ण हाताला ६० टक्के, म्हणजे ११,७१,३१४ रुपये. ठेकेदाराची रोख रक्कम या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

टक्केही अंतिम नसतात. कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली हानी शंभर टक्के मानली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. हात किती गेला यापेक्षा त्या हाताने होणारे काम गेले का, हे पाहायचे. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालाने सांगितले.

'ट्रेनी' असलेल्या मुलांनी एक लक्षात ठेवावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अप्रेंटिसच्या अपघाताची भरपाई मालकालाच द्यावी लागते. मात्र नुसते 'ट्रेनी' म्हणून ओळखपत्र देणे आणि कायद्याप्रमाणे अप्रेंटिस म्हणून करार करणे यात फरक आहे. तो करार हातात घ्या.

आपण काय करायचे?

मोर्चा लागेल तेव्हा निघेलच. त्याआधी दर रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात एक टेबल मांडता येईल. तिथे चार कामे व्हावीत.

पहिले, कामाला लागलेल्या प्रत्येक मुलामुलीचा दहा आकडी विमा क्रमांक आला का ते पाहणे आणि ई-पहचान कार्ड छापून घरी ठेवणे. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात पण कार्ड नाही, असे असेल तर लगेच लेखी तक्रार.

दुसरे, प्रेसवर काम करणाऱ्यांना चार प्रश्न विचारणे. गार्ड आहे का? दोन्ही बटणे चालतात का? प्रेस कधी दोनदा पडते का? डाय बदलताना मेन स्विच बंद होतो का? उत्तरे लिहून ठेवावीत. एका शेडमधून तीन मुलांनी तेच सांगितले तर कामगारांची नावे उघड न करता संघटनेच्या नावाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे अर्ज द्यावा.

तिसरे, अपघातानंतर पहिल्याच दिवशी मालकाकडून अपघात वहीत नोंद आणि ईएसआयचा फॉर्म १२ भरून घेणे. रुग्णालयाच्या कागदावर 'कामावर, प्रेस मशीनवर दुखापत' असे लिहिले आहे ना, हे तपासणे. 'घरी पडून लागले' असे एकदा लिहिले गेले की पुढची दोन वर्षे तेच खोडण्यात जातात.

चौथे, जखमी तरुणाला एकटे न सोडणे. दोन बोटे गेलेल्याला सरकारी सवलतींसाठी लागणारी ४० टक्के अपंगत्वाची पायरी गाठणे अवघड असते, आणि कारखान्याला मात्र तो आता नको असतो. नोकरी, लग्न, आत्मविश्वास, सगळेच त्या दोन बोटांबरोबर डळमळते.

आणि सरकारकडे एक ठोस मागणी. केंद्राने अधिसूचित केलेल्या धोकादायक व्यवसायात एकच कामगार असला तरी ईएसआय लागू करण्याची तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. पॉवर प्रेसच्या कामाचा त्यात स्पष्ट उल्लेख हवा. प्रत्येक प्रेसची नोंदणी आणि ठरावीक मुदतीने तपासणी हवी, मग शेडमध्ये माणसे पाच असोत की पन्नास. आणि ज्या कंपनीच्या गाडीत तो भाग बसतो, तिने तो भाग कोणत्या प्रेसवर निघाला याचे उत्तर द्यायला हवे.

येत्या रविवारी पहिले टेबल मांडू या. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा: नाव, कारखाना, विमा क्रमांक. तिसरा रकाना जिथे रिकामा राहील, तिथून काम सुरू करायचे.